संत्र्याची पट्टी का अडली: दोन लोडर आणि एकाच नावाचे दोन क्लास

नोव्हेंबरातला मंगळवार, सकाळचे सहा. कळमन्याच्या बाजारातून मुनीमजींचा फोन आला. “मॅडम, संत्र्याची पट्टी निघून नाही राहिली. मोसंबीची निघते, संत्र्याचीच अडकते. गाड्या खाली झाल्या, लोक पट्टीसाठी बसून आहेत.”

आंबिया बहाराचे दिवस होते. काटोल, नरखेड, वरूडकडून संत्र्याच्या गाड्या रात्रीच निघतात आणि पहाटे बाजारात लागतात. लिलाव झाला, वजन झालं की शेतकऱ्याला एकच घाई असते: हिशोबपट्टी हातात पडावी आणि घरची वाट धरावी. पट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडं, आधी घेतलेली उचल असं सगळं येतं आणि सगळ्यात खाली हातात पडणारी रक्कम. ती पाहिल्याशिवाय माणूस जागचा हलत नाही, आणि त्यानं हलूही नये. म्हणून हा बिघाड सविस्तर लिहून ठेवते आहे. तो आमच्याच कामातला होता, दोन वेगळ्या कारणांनी झाला, आणि पहिलं कारण हाती लागल्यावर दुसरं असू शकेल असा विचारही आम्ही केला नाही.

आधी रचना

आमचं ऑफिस गायत्रीनगरच्या आयटी पार्कजवळ, पाच जणांचं. अडतीच्या दुकानाचं हे सॉफ्टवेअर जावा ८ वर, दुकानातल्याच एका विंडोज मशीनवर चालतं. गाभ्यात ‘हिशोबनियम’ नावाचा एक इंटरफेस आहे, म्हणजे प्रत्येक नियमानं काय काय करायला हवं याचा करार. प्रत्येक मालाचा नियम, म्हणजे संत्रा, मोसंबी, कापूस, तूर, वेगळ्या जार फाइलमध्ये (क्लास, म्हणजे जावा कोडचे तुकडे, एकत्र बांधलेली फाइल) असतो आणि तो हा इंटरफेस पाळतो. दर बदलला की त्या मालाची नवी जार ‘नियम’ फोल्डरमध्ये टाकायची. सर्व्हर बंद करावा लागत नाही. गाभा त्या जारसाठी नवा क्लास लोडर, म्हणजे जारमधले क्लास मेमरीत उभे करणारा भाग, बनवतो आणि जुना सोडून देतो.

हा लोडर आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं लिहिला होता. ते आता पुण्याला असतात. जावाचा तयार यूआरएल क्लास लोडर न वापरण्याचं त्यांचं कारण रास्त होतं: विंडोजवर तो जार फाइल उघडी धरून ठेवतो, मग ती बदलता येत नाही. जावा ७ पासून त्याला ‘क्लोज’ आहे, पण ते नेमक्या वेळी बोलवावं लागतं. यांनी सरळ केलं. जार पूर्ण वाचून बाइट मेमरीत घ्यायचे, फाइल बंद करायची, आणि लागेल तो क्लास ‘डिफाइन क्लास’ला देऊन उभा करायचा.

त्यात त्यांनी एक नियम उलटा ठेवला होता. १९९८ साली आलेल्या जावा १.२ पासून रीत अशी की कोणताही क्लास मागितला की लोडरनं आधी आपल्या पालकाला, म्हणजे वरच्या लोडरला, विचारायचं, पालकाकडे नसेल तरच स्वतः शोधायचं. आमचा लोडर आधी स्वतःच्या जारमध्ये पाहायचा. कारण मोसंबीच्या नियमाला एक्सेल वाचणाऱ्या लायब्ररीची जुनी आवृत्ती लागायची आणि संत्र्याच्या नियमाला नवी. पालकाला आधी विचारलं असतं तर दोघांना एकच मिळाली असती. ही काही आमचीच क्लृप्ती नव्हे. टॉमकॅट हा जावाचा वेब सर्व्हरही प्रत्येक वेब ॲपसाठी आधी त्या ॲपच्याच फोल्डरमध्ये पाहतो. मात्र टॉमकॅट जावाचे मूळ क्लास आणि सर्व्हलेटचे इंटरफेस यांना अपवाद करतो, ते नेहमी वरूनच घेतो. आमच्या लोडरनं अपवाद केला होता फक्त जावाच्या मूळ क्लासचा. तोही नाइलाजानं, कारण ‘जावा’ या पॅकेजातला क्लास आपण उभा करायला गेलो तर जेव्हीएम, म्हणजे जावाचा कोड चालवणारा प्रोग्रॅम, सिक्युरिटी एक्सेप्शन (चूक कळवणारा इशारा) देऊन नाकारतोच.

मंगळवार

लॉगमध्ये ओळ होती: क्लासकास्टएक्सेप्शन, ‘संत्रानियम कॅनॉट बी कास्ट टू हिशोबनियम’. म्हणजे संत्र्याचा नियम हा हिशोबनियम नाहीच.

आमच्याकडे नुकताच लागलेला मुलगा माझ्याआधी ऑफिसात पोचला होता. त्यानं कोड उघडून माझ्यासमोर धरला. “ताई, पाहा ना, ‘इम्प्लिमेंट्स हिशोबनियम’ लिहिलेलं आहे. हा खोटं बोलून राहिला.” त्यानं दोनदा सगळं पुसून नव्यानं बिल्ड केलं. त्याच्या मशीनवर सुरळीत चालत होतं.

बाजार थांबवता येत नव्हता. रात्री नऊला टाकलेली नवी जार काढली, आधीची ठेवली, सर्व्हर बंद-चालू केला. पट्ट्या निघू लागल्या, जुन्या तोलाईच्या दरानं. फरक मुनीमजींनी हातानं लावला.

मग शांतपणे बसलो. जेव्हीएम खोटं बोलत नाही, एवढं धरून सुरुवात केली. नवी जार आणि दुकानातला गाभा, दोन्ही जसेच्या तसे ऑफिसच्या एका मशीनवर ठेवले आणि तोच एक्सेप्शन मिळवला. कास्टच्या, म्हणजे संत्रानियमाला हिशोबनियम म्हणून धरण्याच्या, आधी चार गोष्टी छापल्या: संत्रानियमाच्या इंटरफेसचं नाव, गाभ्याला माहीत असलेल्या हिशोबनियमाचं नाव, आणि दोघांचे लोडर. नावं अक्षरशः एक. लोडर वेगळे. पहिल्याचा आमचा लोडर, दुसऱ्याचा जावाचा ॲप्लिकेशन लोडर. नावांची तुलना ‘ट्रू’, क्लासची तुलना ‘फॉल्स’.

त्या मुलाला हे मी मुनीमजींच्या वहीवरून सांगितलं. वहीत एकाच नावाचे दोन शेतकरी आहेत, एक काटोलचा, एक नरखेडचा. मुनीमजी कधीच नुसतं नाव लिहीत नाहीत. नाव आणि गाव लिहितात, नाहीतर एकाचे पैसे दुसऱ्याला जातील. जेव्हीएमची वही तशीच आहे. त्याच्या लेखी क्लासची ओळख म्हणजे नाव अधिक तो क्लास उभा करणारा लोडर. आपण कोडमध्ये फक्त नाव लिहितो आणि गाव विसरतो.

ही ओळख एवढी कडक असण्यामागे इतिहास आहे. सुरुवातीच्या जावात लोडरांच्या खेळीनं एका क्लासची वस्तू त्याच नावाच्या दुसऱ्या क्लासची म्हणून खपवता येत होती. १९९७ साली विजय सारस्वत यांनी हे भोक दाखवून दिलं. शेंग लियांग आणि गिलाड ब्राचा यांनी १९९८ साली त्यावरचा उपाय मांडला: लोडरांनी एकमेकांना दिलेल्या नावांचा अर्थ एकच आहे ना, हे जेव्हीएमनं स्वतः तपासायचं. त्यामुळे आमच्या पट्टीवरचा तो एक्सेप्शन हा अडथळा नव्हता, राखण होती. तो नसता तर चुकीच्या क्लासमधून एखादा आकडा उचलला गेला असता आणि पट्टी निमूट छापली गेली असती.

आता प्रश्न असा की हिशोबनियम दोनदा आला कुठून? ‘व्हर्बोज क्लास’ हा पर्याय देऊन सर्व्हर चालवला. यात जेव्हीएम प्रत्येक क्लास कुठून आणला ते एकेका ओळीत छापतो. हजारो ओळींतून हिशोबनियम शोधला तर दोन ओळी आल्या. पहिलीत गाभ्याच्या जारचा पूर्ण पत्ता. दुसरीत पत्त्याच्या जागी नुसतं ‘जेव्हीएम डिफाइन क्लास’, मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोअर. हा शब्द तेव्हा येतो जेव्हा लोडर नुसते बाइट देतो आणि ते कुठले हे सांगत नाही. आमचा लोडर तेच करत होता. जारचा पत्ता कळला नाही, पण कोणी आणला ते कळलं.

जार उघडली. आत गाभ्याचा हिशोबनियम बसलेला होता. पंधरा दिवसांपूर्वी एक्सेलची लायब्ररी जारमध्येच भरावी म्हणून बिल्डमध्ये मेव्हन या बिल्ड साधनाचं शेड प्लगइन, जे लागणारे क्लास एकाच जारमध्ये भरतं, घातलं होतं. गाभ्यावरचं अवलंबित्व ‘प्रोव्हायडेड’ (चालताना बाहेरून मिळेल, जारमध्ये भरू नको) असं लिहायला हवं होतं, ते नुसतंच लिहिलेलं होतं. शेडनं लायब्ररीबरोबर गाभ्याचे क्लासही भरले. आमचा लोडर आधी स्वतःच्या जारमध्ये पाहणारा, त्यानं तिथलाच उचलला. आणि ऑफिसात का दिसलं नाही? कारण आम्ही लिहिताना नियम सरळ क्लासपाथवरून, म्हणजे गाभ्याबरोबरच जावाच्या नेहमीच्या लोडरनं, चालवायचो. हा लोडर आमच्या मशीनवर कधी चालतच नव्हता. याची मला आजही सगळ्यात जास्त बोच आहे. दुकानात रोज धावणारा कोड आमच्यापैकी कोणीच रोज धाववत नव्हतं.

दुरुस्ती तीन ठिकाणी केली. बिल्डमध्ये ‘प्रोव्हायडेड’. लोडरमध्ये अपवाद, की गाभ्याच्या पॅकेजातला कोणताही क्लास नेहमी पालकाकडूनच घ्यायचा, जारमध्ये असला तरी. आणि क्लास उभा करताना जारचा पत्ता सोबत द्यायचा, म्हणजे लॉगमध्ये तो निनावी राहणार नाही. वाचता वाचता आणखी एक उणीव दिसली: क्लास आधीच उभा केलेला आहे का हे लोडर विचारत नव्हता. तो दुसऱ्यांदा उभा करायला गेला असता तर लिंकेज एरर आली असती. तेही नीट केलं. गुरुवारी रात्री नवा गाभा आणि नवी जार टाकून सर्व्हर सुरू केला.

शुक्रवार

पहाटे पट्ट्या व्यवस्थित निघू लागल्या. साडेसहाच्या सुमारास मुनीमजींच्या लक्षात आलं की तोलाईचा दर अजून जुनाच लागतो आहे. आमच्याकडूनच चुकीची फाइल जारमध्ये गेली होती. दुरुस्त जार लगेच टाकली. सर्व्हर चालूच. त्यासाठीच तर ही सगळी रचना होती.

दहा मिनिटांत फोन. “मॅडम, आता कधी निघते, कधी नाही निघत. एकदा नाही निघाली तर पुन्हा दाबतो, मग निघते.”

हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कधी चालणारं आणि कधी न चालणारं यासारखं वाईट काही नाही. पट्टीवरच्या आकड्यावरचाच विश्वास जातो. या वेळची ओळ आणखी चमत्कारिक होती: ‘कामाचंपान कॅनॉट बी कास्ट टू कामाचंपान’. तोच क्लास स्वतःमध्ये बसत नाही. मंगळवारच्या अनुभवानं एवढं लगेच कळलं की पुन्हा लोडरच दोन आहेत. पण जार उघडून पाहिली तर स्वच्छ होती, गाभ्याचा एकही क्लास आत नव्हता. आणि कामाचंपान हा गाभ्याचा क्लास नव्हेच, तो संत्र्याच्या जारमधलाच.

इथे आम्ही एक चूक केली. मुलगा म्हणाला, जार नीट पोचली नसेल, पुन्हा टाकून पाहू. मी हो म्हटलं. पुन्हा टाकली, आणि थोड्या वेळात सगळ्याच संत्र्याच्या पट्ट्या अडू लागल्या. आता पुन्हा दाबूनही निघेना.

त्या क्षणी सर्व्हर बंद-चालू केला असता तर सगळं सुरळीत झालं असतं आणि काहीच कळलं नसतं. मुनीमजींना म्हटलं, “एक मिनिट थांबा.” जेसीएमडी या जावाच्या साधनानं हीप डंप, म्हणजे त्या क्षणाच्या मेमरीची नक्कल, काढून घेतला, लॉग उचलला, मग सर्व्हर पुन्हा चालू केला. डंप काढताना सर्व्हर काही सेकंद गोठतो. समोर माणसं बसलेली असताना ते सेकंद मागणं जड जातं, पण तेच मागितले नसते तर पुढच्या आठवड्यात त्याच माणसांना पुन्हा बसवून ठेवलं असतं.

लॉगमध्ये प्रत्येक ओळीत थ्रेडचं, म्हणजे सर्व्हरमध्ये ते काम करणाऱ्या धाग्याचं, नाव असतं. पट्ट्यांसाठी आठ थ्रेडचा पूल, म्हणजे संच, आहे. साडेसहा ते पुन्हा जार टाकेपर्यंतच्या सगळ्या अडलेल्या पट्ट्या एका कागदावर उतरवल्या. थ्रेड १, ४, ६, ७. दुसरा आकडाच नाही. निघालेल्या सगळ्या २, ३, ५, ८ वर. मग पहाटेपासून साडेसहापर्यंत काय झालं ते पाहिलं. सात कामं झाली होती. पूल नवा असताना प्रत्येक कामासाठी नवा थ्रेड बनवतो, त्यामुळे पहिलं काम थ्रेड १ वर, दुसरं २ वर, असं. त्या सातपैकी संत्र्याची कामं पहिलं, चौथं, सहावं आणि सातवं. बाकी मोसंबी.

तो कागद मी जपून ठेवला आहे. ज्या थ्रेडनं जार बदलण्याआधी संत्र्याची पट्टी काढली, तोच थ्रेड नंतर अडतो. ज्यानं काढली नव्हती तो चालतो. म्हणजे थ्रेडनं जुन्या जारमधलं काहीतरी खिशात ठेवलं आहे.

ते ‘काहीतरी’ गाभ्यात दोन महिन्यांपूर्वी घातलेली एक सोय होती. पट्टीची आकडेमोड करायला प्रत्येक नियम एक तात्पुरतं पान बनवतो; ते दरवेळी नव्यानं बनवू नये म्हणून थ्रेडलोकलमध्ये, म्हणजे प्रत्येक थ्रेडच्या स्वतःच्या खिशात, ठेवायचं आणि पुढच्या पट्टीला तेच वापरायचं. गाभ्याला त्या पानाचा प्रकार माहीत नाही, तो नुसती ‘ऑब्जेक्ट’ म्हणून सांभाळतो. नियम ते परत घेतो आणि आपल्या कामाचंपानमध्ये कास्ट करतो. जार बदलली, नवा लोडर आला, त्यानं स्वतःचं कामाचंपान उभं केलं. पण थ्रेड १ च्या खिशात पहिल्या लोडरचं पान. नाव एक, गाव वेगळं. कास्ट अडतो, आणि अडल्यामुळे नवं पान कधी ठेवलंच जात नाही, म्हणून तो थ्रेड कायमचा अडलेला राहतो.

दुसऱ्यांदा जार टाकल्यावर सगळंच का बंद पडलं, तेही इथेच उलगडलं. तोवर थ्रेड २, ३, ५, ८ च्या खिशात दुसऱ्या लोडरची पानं आली होती. तिसरा लोडर आल्यावर आठच्या आठ थ्रेड जुन्या पानांचे झाले.

हीप डंप एक्लिप्सच्या मेमरी ॲनालायझरमध्ये उघडला. एकच क्लास अनेक लोडरांनी उभा केला असेल तर तो दाखवणारी यादी त्यात आहे. कामाचंपान तीन वेळा. एका वेळी एकच संत्र्याचा लोडर जिवंत असायला हवा, होते तीन. जुन्या लोडरावर क्लिक करून जीसी (नको असलेल्या मेमरीची सफाई) रूटपर्यंतचा मार्ग, म्हणजे त्याला मेमरीत कोण धरून बसलं आहे ती साखळी, मागितला: थ्रेड, त्याचा थ्रेडलोकलचा नकाशा, त्यातली नोंद, कामाचंपानची वस्तू, तिचा क्लास, आणि क्लासच्या टोकाला लोडर. थ्रेडलोकलच्या नोंदीत किल्ली हलकी धरलेली असते, पण वस्तू घट्ट. आणि आमचा थ्रेडलोकल गाभ्यात स्टॅटिक, म्हणजे सर्व्हर चालू असेतो राहणारा, त्यामुळे किल्लीही सुटत नव्हती. एका छोट्या पानानं लोडर धरून ठेवला, आणि लोडर म्हणजे त्यानं उभे केलेले सगळे क्लास, एक्सेलच्या लायब्ररीसकट. क्लास एकटा-दुकटा मेमरीतून जात नाही; लोडर सुटला तरच त्याचे सगळे क्लास जातात. मोसम संपेपर्यंत अशा वीसेक जारा बदलल्या असत्या तर मेटास्पेस, म्हणजे क्लास राहतात ती मेमरी, वाढत गेला असता आणि एका पहाटे मशीनच बसलं असतं.

इतके दिवस हे का झालं नाही? आधी दर रात्री बदलायचे आणि सकाळी सर्व्हर तसाही नव्यानं सुरू व्हायचा. थ्रेडलोकलची सोय आल्यापासून चालत्या बाजारात जार बदलण्याची ही पहिलीच वेळ.

उपाय दोन होते. पट्टी झाली की थ्रेडलोकल रिकामा करायचा, किंवा ही सोयच काढून टाकायची. मी दुसरा निवडला. रिकामा करायचं कोणीतरी एक दिवस विसरणारच. शिवाय प्रिंटरला पट्टी छापायला लागणाऱ्या वेळापुढे एक पान नव्यानं बनवण्याचा वेळ मोजण्याजोगा नाही. ती सोय गरजेतून आलीच नव्हती. आता गाभा जारमधल्या कोणत्याही प्रकाराची वस्तू पट्टीच्या पलीकडे धरत नाही. ठेवायचंच असेल तर आकडे, मजकूर, जावाचे मूळ प्रकार. ते सगळ्या लोडरांना एकच दिसतात.

पुण्याच्या सहकाऱ्यांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, “तो अपवादांचा मुद्दा माझ्या डोक्यात होता, लिहायचा राहिला.” लोडरच्या माथ्यावर आता तो पाच ओळींत लिहिलेला आहे. त्यांनी आणखी एक सुचवलं आणि ते आम्ही केलं: तोच बिघाड जावा ११ वर चालवून पाहिला. तिथे एक्सेप्शनच्या ओळीतच दोन्ही क्लासचे लोडर लिहून येतात, एक ‘ॲप’, दुसरा आमच्या लोडरच्या क्लासचं नाव आणि त्यापुढे त्याचा आकडा. मंगळवारची अर्धी सकाळ त्या एका ओळीनं वाचली असती. दुकानातलं मशीन जावा ११ वर नेण्याचं काम मृग बहाराच्या आधीच, जानेवारीत धरलं आहे.

चाचणीही बदलली. आधीची चाचणी नवी जार टाकून एक पट्टी काढायची आणि पास व्हायची. आता पूल एकाच थ्रेडचा ठेवतो, म्हणजे थ्रेड बदलून सुटका होणार नाही. एक पट्टी, मग जार बदल, मग पुन्हा पट्टी, असं वीस वेळा. जुन्या कोडवर ती दुसऱ्याच पट्टीला अडली. नव्या कोडवर सगळ्या निघाल्या. मग जेसीएमडीनं जीसी करायला लावलं आणि व्हर्बोज क्लासच्या लॉगकडे आम्ही दोघं पाहत बसलो. थोडा वेळ काहीच आलं नाही. मग ओळी पडू लागल्या, ‘अनलोडिंग क्लास’, संत्रानियम, कामाचंपान, एक्सेलचे शेकडो क्लास, पुन्हा संत्रानियम. मुलानं फक्त संत्रानियमाच्या ओळी मोजल्या. वीस बदल, एकवीस लोडर. वीस गेले होते, एक राहिला होता.